रस्ता कडेकडून आखा

रस्त्याचं ड्रॉइंग करायला घेतलं की बहुतेक ठिकाणी पहिली रेघ पडते ती मध्यरेषेची. मग दुभाजक, मग दोन्ही बाजूंच्या लेन, मग पार्किंग, आणि कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जे काही उरेल तो फूटपाथ. त्या उरलेल्यातच झाड, विजेचा खांब, बसथांबा, दुकानाची पायरी आणि माणूस. मी रस्त्यांचे आराखडे करते, पुण्यात आणि आसपासच्या नगरपालिकांसाठी, आणि माझं पहिलं सांगणं हेच असतं की मध्यरेषा शेवटी मारा. हद्दीपासून सुरुवात करा. आधी चालणारा, मग बसची वाट बघणारा, मग सायकलवाला, आणि त्यानंतर गाड्या. गाड्यांचं यात फारसं काही जात नाही, ते पुढे आकड्यांत दाखवते.

हे लिहिते आहे ते दोघांसाठी. एक म्हणजे कनिष्ठ अभियंते, ज्यांच्या टेबलावर डीपी रस्त्याची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याची, फाइल येते आणि सोबत 'लवकर एस्टिमेट द्या' असा निरोप येतो. दुसरे म्हणजे वॉर्डातले नागरिक, ज्यांना आराखड्यावर हरकत-सूचना द्यायची असते पण ड्रॉइंगमध्ये नेमकं काय शोधायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यांपैकी 32,825 पायी चालणारी होती. ड्रॉइंग हातात घेताना हा दुसरा आकडा डोक्यात असू द्या.

आधी जागेवर जा

सर्व्हेवाला टोटल स्टेशन (अंतरं आणि उंच्या मोजायचं यंत्र) लावून झाडं, खांब, चेंबर, दुकानांचे जोते सगळं टिपून देतो. जोत्यांच्या आणि चेंबरच्या झाकणांच्या लेव्हल त्याच्याकडून हट्टाने घ्या, पुढे त्यांच्यावरूनच भांडणं होतात. पण सर्व्हेत माणसं येत नाहीत. ती बघायला स्वतः जावं लागतं: शाळा सुटायच्या वेळी, संध्याकाळी बाजाराच्या वेळी, आणि एकदा तरी भर पावसात.

लोक रस्ता कुठून ओलांडतात ते बघा. झेब्रा कुठे मारलाय ते नंतर. दुभाजकातली जाळी जिथे वाकवलेली असते, जिथली झुडपं तुडवून माती घट्ट झालेली असते, ते खरं क्रॉसिंग. ड्रॉइंगवर तिथे खूण करा. तिथे जाळी दुरुस्त करण्यापेक्षा रीतसर क्रॉसिंग दिलेलं बरं, कारण पलीकडे शाळा किंवा मंडई आहे म्हणूनच लोकांनी ती वाट पाडलेली असते. हातगाड्यांचंही तसंच. भाजीवाली जिथे बसते तिथे पायी येणारं गिऱ्हाईक असतं, म्हणून ती तिथे बसते. तिची जागा टिपून ठेवा, पुढे फूटपाथच्या आखणीत तिला जागा द्यायची आहे.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त सांगून जाते. पाऊस उघडला की चौकात जाऊन खाली बघा. जिथून टायर जातात तिथलं डांबर काळं, घासून गुळगुळीत झालेलं असतं. कोपऱ्यांवर मात्र माती, बारीक खडी, गुलमोहराची पानं साचून त्रिकोण तयार झालेले असतात. काही ठिकाणी त्यात गवतही उगवतं. त्या त्रिकोणातून एकही चाक जात नसतं. टेप लावा. एका कोपऱ्यावर तीन-चार मीटर सहज भरतात. एवढं डांबर आपण घातलं, त्याचे पैसे दिले, आणि म्हातारी माणसं ते विनाकारण ओलांडत राहिली. या त्रिकोणांचे फोटो काढून ठेवा. 'फूटपाथ वाढवला तर गाड्या वळणार कशा?' हा प्रश्न बैठकीत येतोच, तेव्हा हे फोटो पुढे करायचे.

18 मीटरचा हिशेब

आपल्या शहरांत 18 मीटरचे डीपी रस्ते भरपूर. दुकानं, वर घरं, एखादी शाळा, बसही जाते. आज असा रस्ता बहुधा 13 मीटर डांबर आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरचा अडथळ्यांनी भरलेला फूटपाथ असा असतो.

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची पादचाऱ्यांच्या सोयींसाठी आयआरसी 103 ही संहिता आहे. तिच्या 2012 च्या आवृत्तीत निवासी भागात मोकळी चालण्याची रुंदी किमान 1.8 मीटर आणि दुकानांच्या भागात 2.5 मीटर दिली आहे. 'मोकळी' हा शब्द अधोरेखित करून घ्या. खांब, झाड, पायरी, जाहिरातीचा फलक या सगळ्यांना सोडून उरलेली ही रुंदी. वरची 2.2 मीटर उंचीही मोकळी हवी, म्हणजे दुकानाच्या पत्र्याची कड कपाळाला लागता कामा नये.

आता हद्दीपासून मोजत या. दुकानाची पायरी, बाहेर उभं राहून बोलणारं गिऱ्हाईक यांसाठी 0.7 मीटर. मग 2.5 मीटर निव्वळ चालायला. त्यापुढे 2.3 मीटरचा पट्टा: झाडं, दिवे, बाक, बसथांबा, हातगाडी, पार्किंग, चेंबर, सगळं इथे. मग 3.5 मीटर गाड्यांना. बेरीज 9. दुसऱ्या बाजूला तेच. झाले 18.

म्हणजे गाड्यांना 13 ऐवजी 7 मीटर. इथे आवाज चढतात. तेव्हा शांतपणे विचारा की आज त्या 13 मीटरमधून धावत्या गाड्यांना मिळतात किती? दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, त्यात एखादी रिक्षा उभी, पुढे टेम्पो माल उतरवतोय. प्रत्यक्षात एका दिशेला एकच रांग सरकते, तीही नागमोडी. रस्त्याची क्षमता ठरते ती त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणी आणि चौकात. मध्येच 13 मीटर, पुढे मंदिरापाशी 8, परत 12, अशा रुंदीने कुणी लवकर पोचत नाही. गाड्या रुंद जागी पुढे घुसतात आणि अरुंद जागी एकमेकींना अडवतात. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत धावती रुंदी एकसारखी ठेवा. जिथे हद्द जास्त रुंद मिळेल तिथली वाढीव जागा फूटपाथला, झाडांना आणि पार्किंगला द्या. मला विचाराल तर गाडी चालवणाऱ्याचा खरा फायदा इथेच आहे: त्याला पुढचे 500 मीटर कसे असतील ते कळतं.

पार्किंगच्या पट्ट्यात 5 मीटर लांबीत एक कार मावते किंवा पाच दुचाक्या. आपल्याकडे दुचाक्याच जास्त. त्यांना आधी जागा द्या, नाहीतर त्या फूटपाथवर चढणारच.

24 आणि 30 मीटरच्या रस्त्यांवर गणित बदलतं ते वेगामुळे. पायी चालणारे, सायकली आणि गाड्या जिथे एकमेकांत मिसळतात तिथे वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नको, असं रस्ते सुरक्षेवरच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात अनेक देशांनी मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची जोखीम 4 टक्क्यांनी वाढते. म्हणून अरुंद रस्त्यावर वेग कमी ठेवून सायकल गाड्यांबरोबर चालू द्या आणि रुंद रस्त्यावर तिला वेगळा ट्रॅक द्या. नुसत्या '30' च्या पाटीने वेग उतरत नाही. अरुंद लेन, लहान वळण आणि उंचावलेलं क्रॉसिंग यांनी तो उतरतो.

फूटपाथ खाली-वर होऊ देऊ नका

माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा.

उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. आपल्याकडे फूटपाथ फुटभर उंच करायची खोड आहे, 'गाड्या चढू नयेत म्हणून'. गाड्या तरीही चढतात, गुडघे दुखणारी माणसं मात्र चढत नाहीत आणि डांबरावरून चालतात.

दुसरी खोड सोसायटीच्या फाटकाची. प्रत्येक फाटकापाशी फूटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरवला जातो, पलीकडे परत चढतो. एका बाजूला दहा फाटकं असली की चालणाऱ्याने दहा वेळा उतरायचं आणि दहा वेळा चढायचं. हे उलटं करा. फूटपाथ सरळ सपाट जाऊ द्या, चढ-उतार गाडीला करू द्या. 150 मिलिमीटर चढायला गाडीला सुमारे 1 मीटर लांबीचा उतार पुरतो, आणि तो आपल्या 2.3 मीटरच्या पट्ट्यात आरामात बसतो. फरशीचा रंग आणि पोत फाटकासमोर बदलू नका. तो न बदलल्यामुळे ड्रायव्हरला कळतं की आपण दुसऱ्याच्या वाटेवरून चाललोय. सोसायटीचे चेअरमन हरकत घेतील. त्यांना कुठल्या तरी झालेल्या फाटकावर घेऊन जा आणि त्यांच्याच गाडीने चढून दाखवायला सांगा.

गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथेही हेच करा. गल्लीच्या तोंडाशी डांबर उचलून फूटपाथच्या पातळीला आणा. जिथे फूटपाथ उतरवणं भागच असेल तिथे रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नको, म्हणजे 150 मिलिमीटरसाठी 1.8 मीटर लांबी. ड्रॉइंगवर पाऊण मीटरचा रॅम्प दाखवलेला मी पाहिला आहे. त्यावरून व्हीलचेअर जात नाही.

बोलार्डमध्ये, म्हणजे गाड्या अडवायला फूटपाथवर रोवलेल्या बुटक्या खांबांमध्ये, किमान एक जागा 1.2 मीटर मोकळी ठेवा. 'मग दुचाकी घुसेल' हे खरं आहे, काही वेळा घुसेल. पण दुचाकी अडवायला म्हणून लोखंडी भूलभुलैया उभा केला तर व्हीलचेअर, बाबागाडी आणि हातात दोन पिशव्या असलेली बाई हे तिघंही अडतात. दुचाकीसाठी वाहतूक पोलीस आहेत. व्हीलचेअरसाठी दुसरी वाट नाही. अंधांसाठीच्या पिवळ्या खुणेच्या फरश्याही अशाच जीव लावून बसवून घ्या. त्यांची रांग झाडाच्या आळ्यात किंवा खांबावर जाऊन संपताना मी इतक्या ठिकाणी बघते की आता प्रत्येक साइटवर मी ती रांग डोळे मिटून, काठी घेऊन चालून बघते.

फरशी बसवण्याआधी खालचं उरकून घ्या. पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल यांचे डक्ट आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून आडवे पाइप टाकून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी केबलवाला येऊन नवीन फूटपाथ खोदणार नाही. चेंबर चालण्याच्या पट्ट्यात येऊ देऊ नका. येणारच असेल तर झाकण फरशीच्या अगदी पातळीत. झाडाच्या बुंध्याभोवती किमान 1 मीटर माती मोकळी ठेवा. आणि डांबराचा नवा थर घालण्याआधी जुना खरवडून काढायला लावा. थरावर थर चढत गेला की रस्ता जोत्यांच्या वर जातो, पावसाचं पाणी दुकानात शिरतं, आणि मग दुकानदार आपल्यापुरती उंच पायरी बांधून तुमचे 2.5 मीटर खातो. त्यात त्याला काय दोष द्यायचा?

चौक

कोपऱ्याचं वळण जितकं मोठं तितकी गाडी वेगात वळते आणि ओलांडायचं अंतरही वाढतं. आतल्या रस्त्यांवर 4 ते 6 मीटरची त्रिज्या पुरते. बस वळत असेल तिथेच मोठी घ्या, आणि तीही बसचा टर्निंग मार्ग ड्रॉइंगवर फिरवून बघून. फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा, जिथे काढता येईल तिथे काढाच. चालणाऱ्याला हिरवा दिवा असताना डावीकडून सतत गाड्या येत राहिल्या तर त्या दिव्याला अर्थ उरत नाही.

सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. तो तरण्याताठ्या माणसाचा. आजोबांसाठी 0.8 धरा. 13 मीटर ओलांडायला त्यांना 16 सेकंद लागतात, 7 मीटरला 9. म्हणजे कोपरे पुढे आणून अंतर कमी केलं की पादचाऱ्याचा सिग्नल छोटा होतो आणि वाचलेले सेकंद गाड्यांनाच मिळतात. हे गणित वाहतूक शाखेच्या बैठकीत फळ्यावर मांडा, चटकन पटतं.

मोठ्या रस्त्यावर दुभाजकात थांबायला जागा द्या, सायकल किंवा बाबागाडी आडवी मावेल एवढी, दोनेक मीटर रुंद. आणि पादचारी पुलाचा प्रस्ताव आला तर विरोध करा. खालून ट्रक जाण्यासाठी 5.5 मीटर उंची सोडली की 40 च्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. रस्ता मात्र समोर सपाट दिसतोय. लोक खालूनच जातात आणि मग त्यांनाच बेशिस्त म्हटलं जातं.

बस थांबते कुठे

थांब्यासाठी रस्त्यात खाच पाडून बस-बे करायची पद्धत आहे. शहरात ती चालत नाही. खाचेत रिक्षा उभ्या राहतात, बस बाहेरच तिरकी थांबते, प्रवासी डांबरावर उतरून धावतात, आणि बस खाचेत गेलीच तर परत बाहेर यायला तिला कुणी जागा देत नाही. त्याऐवजी थांब्यापाशी फूटपाथच पार्किंगच्या पट्ट्यावरून लेनच्या कडेपर्यंत पुढे काढा. बस लेनमध्ये सरळ थांबेल, दार फूटपाथला लागेल. एक बस 12 मीटर लांब असते. दोन बस एकापाठोपाठ येत असतील तर 30 मीटर लांबी द्या. निवारा या पुढे काढलेल्या भागावर उभा करा, म्हणजे मागचे 2.5 मीटर चालायला मोकळे राहतात. थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर, आणि क्रॉसिंग बसच्या मागे, म्हणजे उतरलेला माणूस बसच्या तोंडासमोरून धावणार नाही. दिवा थांब्यावर आणि थांब्याकडे येणाऱ्या वाटेवरही हवा. रात्री नऊ वाजता उतरणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून ती वाट एकदा चाला. भाजीवालीला, चहावाल्याला थांब्याजवळच्या पट्ट्यात जागा दिली तर तिथे वर्दळ राहते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना तसंही संरक्षण दिलेलं आहे.

बसमार्गिका रस्त्याच्या मधोमध असेल तर प्रत्येक प्रवासी रस्ता ओलांडणारा पादचारी असतो. पुण्यात डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) सुरू झाली तेव्हापासून चर्चा बसच्या लेनवरच जास्त झाली. स्थानकापर्यंतच्या त्या सात-आठ मीटरवर तितकी झाली नाही. मधली बसमार्गिका आखायची असेल तर आधी स्थानकाचं क्रॉसिंग काढा, मग मार्गिका.

सायकल ट्रॅकबद्दल थोडक्यात. पेव्हर ब्लॉक नकोत, डांबर किंवा काँक्रीट हवं. पावसाच्या जाळीच्या पट्ट्या चाकाला आडव्या बसवा, उभ्या बसवल्या तर टायर अडकतो. बसथांब्यापाशी ट्रॅक थांब्याच्या मागून न्या. आणि चौकात ट्रॅक सोडून देऊ नका. तिथेच त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

फक्की मारून बघा

कर्ब, म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड, बसवण्याआधी रस्त्यावर फक्कीने रेघा मारा, कडेला कोन आणि वाळूची पोती ठेवा, आठवडाभर राहू द्या. मैदान आखायला वापरतात तीच पांढरी फक्की, खर्च नगण्य. कचऱ्याची गाडी वळते का, शाळेची बस कुठे अडते, दुकानदाराचा टेम्पो कुठे थांबतो, सगळं दिसतं, आणि कर्ब ओतण्याआधी रेघ हलवता येते. दुकानदारांचा विरोधही याने बराच मवाळ होतो, कारण त्यांना धंदा बुडताना दिसत नाही. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात. त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद केलेला फूटपाथही टेप घेऊन बघून या. पुणे महापालिकेची 2016 ची रस्ते आराखडा मार्गदर्शक तत्त्वं कागदावर वाचण्याआधी तो फूटपाथ पायाखाली घालावा.

नागरिकांनी ड्रॉइंग मागताना 'टिपिकल क्रॉस सेक्शन' वर, म्हणजे रस्त्याच्या एकाच नमुना आडव्या छेदावर, समाधान मानू नका. तो रस्त्यातल्या सर्वांत सोयीच्या जागेचा असतो. ट्रान्सफॉर्मरपाशी, मंदिरापाशी, थांब्यापाशी, नाल्यावरच्या पुलापाशी असे वेगवेगळे सेक्शन मागा, आणि प्रत्येकात मोकळी रुंदी किती ते लिहून मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आलं. ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे रस्ता आखला, बांधला किंवा राखला नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, सल्लागार आणि ठेकेदार यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हरकतीच्या पत्रात हे कलम आणि आयआरसी 103 मधला आकडा शेजारी शेजारी लिहा. अशा पत्राला 'नोंद घेतली' एवढं उत्तर देऊन भागत नाही.

काम सुरू झालं की कर्बची दोरी लागते त्या दिवशी साइटवर हजर राहा. झाड आलं की मिस्त्री दोरी सरकवतो, आणि ती नेहमी फूटपाथच्या बाजूलाच सरकते. काम संपल्यावर, अंतिम बिल निघायच्या आत, अभियंता, ठेकेदार आणि वॉर्डातली एखादी व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती यांना बरोबर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. जिथे चाक अडेल तिथे खडूने खूण करा, जागेचा फोटो घ्या, यादीवर तिघांच्या सह्या घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी तुंबलेल्या जागांची अशीच दुसरी यादी करून दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायच्या आत कार्यालयात दाखल करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.